जुनी मोटार-सायकल आणि नवा स्वार

जुनी मोटार-सायकल विकत घेऊन कोणी घरीं आणली, म्हणजे दारांत जमलेल्या मंडळींचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. केवढ्याला मिळाली? लिटरला किती धांवते? कोणत्या सालची? शेजारचा एखादा जाणता गृहस्थ किक मारून पाहतो, मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि ‘इंजिन अगदीं चांगलें आहे’ असा निर्वाळा देतो. वडिलांचें तेवढ्यानें समाधान होतें, आई गाडीला हळद-कुंकू वाहते, पुढच्या चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, आणि मुलगा पंचवटी कारंज्याच्या दिशेनें निघतो. या वाहनाला पूर्वीं लोक फटफटी म्हणत. आवाजावरून जिचें नांव पडलें, तिची परीक्षाहि लोक आवाजावरूनच करतात यांत नवल नाहीं. परंतु ही गाडी थांबते कशी, हें त्या साऱ्या मंडळींत कोणीं विचारलेलें नसतें.

पंचवटींत तर हा प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावा, अशी जागेचीच रचना आहे. मालेगांव स्टँडावरून रामकुंडाकडे उतरणारा रस्ता, गंगाघाटाकडे वळणारे अरुंद बोळ, काळाराम मंदिराच्या आसपास देवाच्या ध्यानांत असल्यामुळें रस्त्याकडे लक्ष नसलेले यात्रेकरू, फुलांच्या पाट्यांतून सांडलेल्या ओल्या पाकळ्या, मध्येंच ठाण मांडून बसलेली एखादी गाय! येथें वेगानें जाण्याची संधि क्वचित् मिळते. थांबण्याची पाळी मात्र घडोघडीं येते. केंद्र सरकारच्या परिवहन खात्यानें २०२२ या वर्षाचे जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणें त्या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांपैकीं जवळजवळ पाऊण लाख दुचाकीवर होतीं. हे सारे जुन्या गाडीचे बळी होते असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि नवशिक्या स्वार आणि जुनें यंत्र हीं दोन एकत्र आलीं, म्हणजे निदान यंत्राच्या बाजूनें तरी उणीव राहूं नये, एवढें पाहणें घराच्या हातचें असतें.

बाजारांत जुनी म्हणून मिळणारी प्रत्येक गाडी नवशिक्याच्या उपयोगाची असते असें नाहीं. आपल्याकडील जुन्या गाड्यांच्या ढोबळ मानानें तीन पिढ्या मानतां येतील. पहिली बुलेटची. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड बुलेटसाठीं कंपनी निघाली. पुढें विलायतेंतील मूळ कारखाना बंद पडला, तरी ही गाडी येथें तयार होतच राहिली. दुसरी पिढी टू-स्ट्रोक गाड्यांची. म्हैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून जावा तयार होऊं लागली, १९७३ पासून तिचें नांव येझ्दी झालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत याच पिढींतली. तिच्या दोहों बाजूंस लटकणाऱ्या दुधाच्या किटल्या अनेकांना आठवत असतील. तिसरी पिढी १९८४-८५ पासून जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें आली. हिरो होंडाची सी. डी. १०० आणि यामाहाची आर्. एक्स. १०० या दोन्ही १९८५ सालच्या. स्प्लेंडर १९९४ सालची.

बुलेट दिसावयास भारदस्त, आणि तिच्याविषयीं तरुणांच्या मनांत ओढ असते हेंहि खरें. परंतु दीडशें किलोहून अधिक वजनाचें तें धूड उतारावर कलूं लागलें, म्हणजे नवशिक्याला आवरत नाहीं. शिवाय जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखालीं आणि ब्रेक डाव्या पायाखालीं असे. इतर गाड्यांत तें नेमकें उलट असतें. संकटाच्या क्षणीं पाय विचार करीत बसत नाहीं, सवयीप्रमाणें दाबतो. सायकल सोडून नुकत्याच आलेल्या मुलाला एकच सवय लावावी, दोन लावूं नयेत. टू-स्ट्रोक गाडीची अडचण निराळी. तिच्या इंजिनाला लागणारें तेल पेट्रोलाबरोबर आंत जाऊन जळतें. तें घालण्यास विसरलें, किंवा आर्. एक्स. सारख्या गाडींत तेलाचा स्वतंत्र पंप नीट चालेनासा झाला, तर धांवत्या गाडींत पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचें चाक एकाएकीं जखडतें. त्याच क्षणीं क्लच दाबणें सुचलें तर ठीक. न सुचलें तर स्वार आडवा होतो. म्हणून हौस कितीहि असली तरी पहिली गाडी शंभर सी. सी. ची, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरची असावी हें बरें. ती हलकी असते, तिचे सुटे भाग कोणत्याहि गांवांत मिळतात, आणि तिची यंत्ररचना इतकी साधी असते कीं ती डोळ्यांनीं पाहून समजते.

गाडी पाहावयास जातांना नाशिककरानें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी, आणि ती म्हणजे गोदावरीचा पूर. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलें कीं गळ्याला, यावरून पुराचें मान सांगण्याची येथील लोकांची रीत आहे. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या पुरांच्या वेळीं घाटाजवळच्या वस्तींत आणि बाजारांत पाणी शिरलें होतें. पुरांत एक रात्र बुडालेली गाडी धुवून, पुसून, रंग देऊन पुन्हां उभी करतां येते. ती चालूहि होते. मग ती दोन-तीन हात बदलून भलत्याच पेठेंत विक्रीस येते, आणि शेवटच्या विकणाऱ्यालाहि तिची हकीकत ठाऊक नसते. म्हणून येथें विकणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नसून घेणाऱ्याच्या डोळसपणाचा आहे.

पाणी गेलें तरी गाळ राहतो. वेग दाखविणाऱ्या घड्याळाच्या कांचेच्या आंतल्या कडेला मातीची बारीक रेघ दिसते काय, मागच्या दिव्याच्या तांबड्या कांचेच्या कोपऱ्यांत सुकलेला गाळ आहे काय, पुढच्या दिव्यांतील आरसा अंधुक झाला आहे काय, हें आधीं पाहावें. सीट काढावयास लावून तिच्या खालच्या तारांचे जोड उघडून पाहावेत; तांब्यावर हिरवट बुरशीसारखें कांहीं चढलेलें असेल तर तें पाण्याचें काम. तेलाची कांडी काढून तेल बोटावर घ्यावें. तें काळें असेल तर चिंता नाहीं, जुनें तेल काळेंच असतें. परंतु तें दुधाच्या चहासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी आहे असें समजावें. शेवटीं गाडी मधल्या स्टँडवर चढवून दोन्ही चाकें हातानें फिरवावीं आणि हबला कान लावावा. बेअरिंगांत गाळ गेला असेल तर जात्यांत खडा आल्यासारखा खरखराट ऐकूं येतो. आवाजाची परीक्षा करावयाची तर ती येथें करावी. तीहि इंजिन बंद ठेवून.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण टाळतां येत नाहीं. मोटार-सायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते. १९९० च्या सुमाराची गाडी घेणाराने ही मुदत कधीं संपते तें पुस्तकांत नव्हे, परिवहन खात्याच्या नोंदींत पाहून घ्यावें. हँडलाच्या मानेवर ठोकलेला चासीचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर हे दोन्ही कागदाशीं अक्षरशः ताडून पाहावेत. घासलेला किंवा पुन्हां ठोकलेला नंबर दिसला तर किंमत कितीहि कमी असो, तेथून निघावें. नांव बदलण्यासाठीं नमुना २९ व नमुना ३० हे अर्ज भरून पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे जावें लागतें. पुष्कळ विकणारे सह्या केलेले कोरे कागद देऊन मोकळे होतात, आणि घेणारेहि वर्षानुवर्षें ते तसेच कपाटांत ठेवतात. यांत विकणाराचेंच अधिक नुकसान आहे. नोंदींत ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक, आणि अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारीहि त्याचीच, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलेलें आहे.

आतां ब्रेककडे वळावयास हरकत नाहीं.

या पिढीच्या बहुतेक गाड्यांचे दोन्ही ब्रेक ड्रमचे असतात. चाकाच्या मध्यभागीं जो डब्यासारखा हब दिसतो, त्याच्या आंत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन तुकडे समोरासमोर बसविलेले असतात. त्यांच्या पाठीवर घर्षणाचा थर चिकटविलेला असतो. गॅरेजमध्यें या सगळ्यालाच ‘लायनर’ म्हणतात. हँडलावरचा दांडा दाबला कीं वायर ओढली जाते, हबच्या बाहेरचा लहानसा लोखंडी हात फिरतो, त्याला जोडलेला चपटा खिळा आंतल्या आंत आडवा होऊन दोन्ही तुकडे बाहेर लोटतो, आणि लायनर फिरत्या हबच्या आंतल्या भिंतीला घासून चाक अडवितो. मागच्या चाकांत वायरीऐवजीं सळई असते, इतकाच फरक.

लायनर झिजत जातो तसतसा ब्रेक ढिला लागतो, आणि बाहेरचा नट चार आटे आंवळला कीं पुन्हां घट्ट लागतो. नेमकी या सोयींतच फसगत आहे. मालक नट आंवळीत राहतो, दांडा हाताला घट्ट लागत राहतो, आणि आंत लायनर कागदाइतका उरलेला असतो. म्हणून दांडा किती घट्ट आहे हें न पाहतां तो बाहेरचा लोखंडी हात पाहावा. ब्रेक पूर्ण दाबलेला असतां हा हात आणि वायर यांच्यामध्यें सुमारें काटकोन असावा. हात त्यापलीकडे झुकूं लागला, म्हणजे मुठींतला पुष्कळसा जोर वायां जातो. बहुतेक गाड्यांच्या हबवर एक बाण आणि त्याच्यासमोर एक खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला भिडला कीं लायनर बदलण्याची वेळ झाली असें कारखानदारानेंच सांगून ठेवलेलें असतें. ही खूण चिखलाखालीं दडलेली असते आणि गाडी वापरणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं ती पाहिलेली असते.

जुनी गाडी घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत दोन्ही चाकें काढवून हब उघडवावेत. हें काम मिस्त्रीकडून करून घ्यावें, पण शेजारीं उभें राहून पाहावें. लायनर कांचेसारखा चकचकीत झाला असेल तर तो पकडत नाहीं. पॉलिश-कागदानें त्याची चकाकी घालवावी लागते. त्यावर ग्रीस आलें असेल तर तो पुसून वापरूं नये, बदलावा. किंमत एखाद्या साध्या जेवणाएवढी, आणि काटकसर करणारे नेमके येथेंच काटकसर करतात! हबमधली काळी धूळ तोंडानें फुंकून उडविण्याची गॅरेजमधली संवय फार वाईट आहे. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्यानें ती पुसून घ्यावी. वायरीचें टोंक, जेथें शिशाची गोळी दांड्याच्या खांचेंत बसते, तेथें नीट निरखावें. बारीक तारांचा पीळ असलेल्या त्या वायरीची एक तार तुटून बाहेर आली असेल, तर बाकीच्या तारा किती दिवस टिकतील याचा हिशेब न करतां नवी वायर घालावी.

ब्रेक नीट झाला, पण तो वापरण्याविषयींचा एक समज जुन्या यंत्राहूनहि जुना आहे. ‘पुढचा ब्रेक मारूं नकोस, गाडी उलटेल’ असा उपदेश घरोघर दिला जातो. वडील तो मुलाला देतात, काका पुतण्याला देतात, आणि उपदेश करणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं स्वतः पुढच्या ब्रेकला जन्मांत हात लावलेला नसतो. हा समज बहुधा सायकलीवरून आलेला आहे. सायकल हलकी, स्वार तिच्यावर उंच बसलेला, आणि ब्रेक लाकडी ठोकळ्यासारखा एकदम धरणारा. तेथें भीति सकारण होती. मोटार-सायकलची गोष्ट निराळी आहे, आणि ती कळावयास एस्. टी. ची आठवण पुरे. बस एकदम थांबली कीं उभे असलेले उतारू पुढच्या बाजूला लोटले जातात. मोटार-सायकल थांबूं लागली म्हणजे तिचा आणि स्वाराचा भार असाच पुढच्या चाकावर येतो आणि मागचें चाक हलकें होतें. ज्या चाकावर भार, त्याचीच रस्त्यावर पकड. ज्यावर भार नाहीं तें चाक ब्रेक लावला कीं जखडून घसरूं लागतें. म्हणजे केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा स्वार गाडीची थांबण्याची निम्म्याहून अधिक शक्ति न वापरतां ठेवतो, आणि उरलेली जी वापरतो तिनें मागचें चाक आडवें जातें.

वडीलधाऱ्यांच्या उपदेशांत तथ्य अजिबात नाहीं असें मात्र नव्हे. हँडल वळलेलें असतांना, वाळूवर, ओल्या पाकळ्यांवर किंवा तेल सांडलेल्या जागीं पुढचा ब्रेक कचकन् दाबला तर चाक निसटतें आणि मनुष्य खरोखरच पडतो. दोष ब्रेकचा नसून त्या कचकन् दाबण्याचा आहे. लिंबू पिळतांना जोर जसा हळूहळू वाढवावा तसा हा दांडा दाबावा. आधीं स्पर्श, मग भार पुढें येऊं द्यावा, मग जोर. मागच्या ब्रेकवर पाय बरोबरीनें, पण हलका.

वेगाविषयींहि एक हिशेब मुलाला कागदावर करून दाखवावा. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला सुमारें ११ मीटर जाते. अडथळा दिसून हात ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद जातो असें धरलें, तर ब्रेक लागण्यापूर्वींच ११ मीटर गेले. आणि चांगल्या स्थितींतला ब्रेक कोरड्या रस्त्यावर लावल्यावर पुढें आणखी १२-१३ मीटर. एकूण २४ मीटर. हाच वेग ६० केला तर १७ मीटर विचारांत आणि २८ मीटर ब्रेकांत, मिळून ४५ मीटर. वेग दीडपट झाला. अंतर जवळजवळ दुप्पट झालें. कारण ब्रेकचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. शाळेंत हें सूत्र घोकलेला मुलगा रस्त्यावर तें विसरतो. हे आंकडेहि लायनर चांगला असलेल्या गाडीचे आहेत. नट आंवळीत आणलेल्या गाडीचे नव्हेत.

पूर्वीं टांगेवाला संध्याकाळीं घोडा सोडल्यावर त्याच्या टापा उचलून पाहत असे. तसें मोटार-सायकलचे टायर पाहावेत. टायरची नक्षी शिल्लक दिसली म्हणजे टायर चांगला, असें लोक समजतात; परंतु उभ्या राहिलेल्या गाडीची नक्षी शाबूत राहून रबर मात्र वाळून कठीण होतें. टायरच्या बाजूवर चार आंकडे एका चौकटींत छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२३१४’ असें असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. असा दहा वर्षांचा टायर, नक्षी कितीहि असो, ओल्या रस्त्यावर भरंवशाचा नाहीं. हवा थंड टायरांत तपासावी, शंभर सी. सी. च्या गाडीला एकटा स्वार असतां पुढें २५ व मागें २८ पौंडांच्या आसपास लागते, आणि मागें कोणी बसणार असेल तर मागच्या चाकांत अधिक. सांखळी मध्यभागीं बोटानें उचलून पाहावी. अंगठ्याच्या रुंदीइतकी ती वर-खाली हलावी. याहून ढिली असेल तर ती उतरून चाकांत अडकते, आणि ताठ असेल तर गरारी खाते. सांखळी फिरती ठेवून, इंजिन चालू असतांना, फडक्यानें पुसणाऱ्यांचीं बोटें गेल्याचीं उदाहरणें आहेत. चाक हातानेंच फिरवावें.

इंजिनाविषयीं थोडक्यांत सांगितलें तरी चालेल. कारण नवशिक्या आपण होऊन सगळा वेळ तेथेंच घालवितो. तेल वेळेवर बदलावें. पूर्वीच्या मालकानें कालच बदललें म्हणून सांगितलें तरीहि घरीं आणल्यावर एकदां बदलावें. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट विटकरी असेल तर जळण ठीक आहे. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातें, आणि अगदीं पांढरा असेल तर कमी. प्लग परत बसवितांना पहिले तीन-चार फेरे बोटांनींच द्यावेत. अॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, आणि पान्यानें वांकडा घुसविलेला प्लग ते कायमचे घालवितो. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या नासधुशींत ही पहिल्या नंबरची होय.

पेट्रोलासंबंधीं मात्र एक नवी गोष्ट जुन्या गाडीच्या मालकानें लक्षांत घेतली पाहिजे. आतां पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यांतलें कांहीं आपल्या उंसाचेंच, तेव्हां महाराष्ट्रानें त्याविषयीं कुरकुर करूं नये असें कोणी म्हणेल. परंतु १९९० सालीं ज्यानें कार्ब्युरेटर तयार केला त्याच्या ध्यानींमनीं तें नव्हतें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. गाडी महिनाभर उभी राहिली, तर तें पाणी तळाशीं सांचून टांकी आंतून गंजते, आणि गंजाचे कण कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या भोंकांत जाऊन बसतात. जुन्या रबरी नळ्या आणि पडदेहि त्यानें फुगतात किंवा कडक होतात. उपाय सोपा आहे: पेट्रोलची नळी नवी घालावी, गाडी आठवड्यांतून एकदां तरी चालवावी, आणि बरेच दिवस उभी ठेवावयाची असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलें पेट्रोल खालच्या स्क्रूनें काढून टाकावें. नळी भेगाळलेली असेल तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकतें, हें निराळें सांगावयास नको.

शिकण्याची जागा म्हणून तपोवनाच्या बाजूची मोकळी जमीन सकाळच्या वेळीं बरी पडते. सिंहस्थांत तेथें साधूंचें नगर वसतें. त्या काळांत अर्थात् दुसरी जागा पाहावी. शिकाऊ परवाना खिशांत आणि आय्. एस्. आय्. शिक्क्याचें हेल्मेट डोक्यावर, पट्टा बांधलेलें, ही सुरुवात. पहिले दोन दिवस गाडी पळविण्याचे नसून थांबविण्याचे असावेत. दोन विटा ठेवून, ताशीं वीसच्या वेगानें येऊन, दोन्ही ब्रेक लावून विटांच्या आंत थांबावें; आधीं केवळ मागच्या ब्रेकनें, मग दोन्हींनीं, आणि दोन्ही वेळां पावलांनीं अंतर मोजावें. पुढच्या ब्रेकवरची भीति व्याख्यानानें जात नाहीं, या पावलांच्या मोजणीनें जाते. मग क्लच हळू सोडणें, चढावर गाडी मागें न घसरूं देतां उचलणें, आणि पावलाच्या वेगानें तोल सांभाळणें. हे शेवटचें सर्वांत अवघड, आणि पंचवटीच्या बोळांत सर्वांत जास्त लागणारें.

त्यानंतर दिंडोरी रोडनें म्हसरूळपर्यंत जाऊन यावें. पावसाळ्यांत या रस्त्यावर शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर माती डांबरावर येते, आणि पहिल्या सरीबरोबर तिचा साबण होतो. चांचलेल्या पाण्यांतून गाडी नेल्यावर ड्रमच्या आंत पाणी शिरतें आणि ब्रेक असून नसल्यासारखा होतो. पाणी ओलांडल्याबरोबर शंभर पावलें दोन्ही ब्रेक हलके दाबून जावें, म्हणजे घासून उष्णता येते आणि लायनर वाळतो. हें न करतां पुढच्याच वळणावर ब्रेक लावणाराला तो लागत नाहीं, आणि मग गाडीवर खापर फोडलें जातें.

दोन-तीन महिन्यांनीं हात बसला म्हणजे पेठच्या रस्त्यानें सावळघाटाची वाट धरावयास हरकत नाहीं. घाट चढतांना इंजिन गुदमरूं लागलें तर गिअर उतरवावा, इतकें कोणालाहि समजतें. उतरतांना मात्र पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याचा मोह होतो, आणि तो घातक आहे. गिअर काढल्यावर गाडी अडविण्याचें सारें ओझें त्या दोन लहानशा डब्यांवर पडतें. ते तापतात, लायनर धुरकट वास सोडतो, आणि दांडा दाबूनहि गाडी थांबेनाशी होते. ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम येथें अक्षरशः पाळावा. इंजिन स्वतःच गाडी रोखून धरतें आणि ब्रेक वळणांपुरता राखून ठेवतां येतो.

घाट संपल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून दोन्ही हबांजवळ तळहात न्यावा. लावूं नये, नुसता जवळ न्यावा. दोन्ही कोमट असतील तर स्वारानें घाट गिअरवर उतरला. दोन्हींची धग लागत असेल तर तो घाटभर ब्रेकवर आला. गाडी निवेपर्यंत अर्धा तास तेथेंच बसावें आणि परत येतांना गिअर एक खालचा ठेवावा. आणि मागचा कढत असून पुढचा अगदीं थंड लागला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां तपोवनांत जाऊन त्या दोन विटा मांडाव्यात.